बंदुकीचा कायदा आणि सामूहिक हत्याकांडं: कुठली बाजू टिकते?

बंदुकीच्या कडक कायद्याने सामूहिक हत्याकांडं थांबतात का, हा विषय नाशिकच्या कॉलेजांत वादविवादाला आला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "ऑस्ट्रेलियाने करून दाखवलं." दुसरं, "ज्याला मारायचंच आहे तो कोयता घेऊन मारेल." तुम्हाला यातली एक बाजू घ्यायची असेल, तर आधी दोन्ही तपासून घ्या. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे. पण ती जितक्या सहज मांडली जाते तितकी सोपी नाही.

२८ एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या पोर्ट आर्थरमध्ये एका माणसाने ३५ जणांना मारलं. जॉन हॉवर्ड नुकतेच पंतप्रधान झाले होते. दोन आठवड्यांच्या आत त्यांनी सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. अर्धस्वयंचलित रायफली, म्हणजे दर वेळी बोल्ट न ओढता नुसता चाप दाबून एकेक गोळी झाडणाऱ्या बंदुका, सामान्य माणसाला बंद झाल्या. परवान्यासाठी ठोस कारण द्यावं लागू लागलं आणि 'स्वसंरक्षण' हे कारण धरलं जाईना. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे मोजून परत घेतल्या आणि मोडीत काढल्या. आधीच्या १८ वर्षांत पाच किंवा अधिक बळी घेणारे १३ गोळीबार झाले होते. नंतरची २२ वर्षं असा एकही झाला नाही.

विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा कोयत्याचा नाही, न्यूझीलंडचा आहे. तिथे १९९० मध्ये आरामोआनाला १३ जण मारले गेले, १९९७ मध्ये राउरिमूला सहा. त्यानंतर ऑस्ट्रेलियासारखी बंदी न आणताही तिथे दीर्घ शांतता होती. अशा घटना मुळातच विरळ, मग श्रेय कायद्याला कसं द्यायचं, असं काही अभ्यासकांनी विचारलं. २०१८ पर्यंत या प्रश्नाला चोख उत्तर देणं अवघड होतं. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचा जीव गेला. हल्लेखोर मूळचा ऑस्ट्रेलियन होता. मायदेशी बंद असलेल्या अर्धस्वयंचलित बंदुका त्याने न्यूझीलंडमध्ये परवाना काढून राजरोस विकत घेतल्या होत्या. महिनाभरात तिथल्या संसदेने बंदी आणली. कायद्यातली फट किती महाग पडते हे मला यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

आता कोयता. फ्रान्सच्या नीसमध्ये २०१६ ला ट्रकखाली ८६ जण चिरडले गेले, जपानमधल्या क्योतोच्या स्टुडिओत २०१९ ला आगीत ३६ गेले. तेव्हा बंदुकीशिवाय मोठं हत्याकांड होतच नाही, असं म्हणू नका. समोरचा तुम्हाला तिथेच पाडेल. पण १४ डिसेंबर २०१२ हा एकच दिवस पाहा. चीनच्या हेनान प्रांतात एक जण चाकू घेऊन शाळेत घुसला. २३ मुलं आणि एक वृद्धा जखमी झाली, मेलं कुणीच नाही. त्याच दिवशी अमेरिकेत सँडी हूक शाळेत दुसरा रायफल घेऊन घुसला. पाच मिनिटांच्या आत दीडशेवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० मुलं, सहा मोठी माणसं गेली. हल्ला करण्याची इच्छा दोघांकडेही होती. मुलांना पळायला, कुणाला मध्ये पडायला वेळ मिळाला तो एकाच ठिकाणी.

ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतल्या १९९६ च्या हत्याकांडानंतर पिस्तुलं बंद केली. शाळेत बंदूक घेऊन घुसून तसं हत्याकांड तिथे पुन्हा झालेलं नाही. पण २०१० मध्ये कम्ब्रियात परवान्याच्या बंदुकांनीच १२ जण मारले गेले. अमेरिकेत काही अर्धस्वयंचलित बंदुकांवर १९९४ ते २००४ असलेली बंदी आधीच लोकांच्या हातात असलेल्या बंदुकांना आणि मोठ्या मॅगझिनना, म्हणजे गोळ्या भरायच्या खोक्यांना, लागूच नव्हती. तिचा परिणाम अंधुक दिसतो यात नवल नाही.

"कायदा असला तरी शस्त्र येतंच," हे म्हणणं नाशिककरांना पटायला वेळ लागत नाही. १८७८ चा शस्त्र कायदा अंमलात असतानाच लंडनहून चोरून आलेलं ब्राउनिंग पिस्तूल २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला मारणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांच्या हाती होतं. तो राजकीय कट होता, सामूहिक हत्याकांड नव्हतं. पण मागे संघटना असली की कुंपण ओलांडता येतं, हे त्यातून दिसतं. २६/११ ला १६६ जणांचे जीव घेणारेही बाहेरून शस्त्रं घेऊन आले. अशांपुढे परवान्याचा कायदा तोकडा पडतो, हे मान्य करा. मात्र क्राइस्टचर्चचा किंवा २०१७ मध्ये अमेरिकेत लास व्हेगासला गर्दीवर गोळ्या झाडणारा मारेकरी एकटा होता, त्याच्यामागे टोळी नव्हती. त्याने बंदुका दुकानातून घेतल्या. त्याला अडवायचं काम कायद्याचंच.

"ऑस्ट्रेलियात आता काही होतच नाही," हे वाक्य तेवढं टाळा. २०१८ मध्ये ऑस्मिंग्टनला एकाच घरातली सात माणसं गोळ्यांनी गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुका या ज्यू सणाच्या कार्यक्रमात १५ जण मारले गेले. तिथल्या बापलेक हल्लेखोरांपैकी बापाकडे परवाना होता आणि त्याच्या नावावर सहा बंदुका होत्या. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात. नाशिक शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून, आणि दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. त्या वेळी तो माणूस आज कसा आहे हे कुणी खरंच पाहतं, की नुसता शिक्का मारतं, याची चौकशी दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी करायला हवी.