अक्कलदाढेची हिरडी दुखतेय: गुळण्या, हिरडी कापणं की दाढच काढणं?

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. खालची दाढ अर्धीच वर आली की तिच्यावर हिरडीची एक झापड उरते. तिच्याखाली अन्नकण अडकतात, तिथं ब्रश पोचत नाही, हिरडी सुजते आणि मग घासागणिक वरची दाढ त्या सुजेवर आदळते. ‘दाढ येतेय, दुखणारच’ असं घरातले म्हणतात, पण बहुतेक वेळा ते दुखणं झापडीखालच्या जंतुसंसर्गाचं असतं. म्हणून कोणताही उपाय तोलताना मी एकच विचारते: हा झापडीखाली पोचतो का?

मिठाच्या गुळण्या थोड्याफार पोचतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दुखऱ्या बाजूला पाणी खेळवायचं, प्रत्येक जेवणानंतर. स्वस्त आहे, अपाय नाही आणि सौम्य दुखण्याला बरेचदा पुरतं. लवंग मात्र फक्त बधिर करते. तिच्यातल्या युजेनॉलनं तासभर बरं वाटतं, पण लवंगेचं तेल तसंच्या तसं लावलं तर हिरडी भाजते. त्यापेक्षा अख्खी लवंग दाढेजवळ धरलेली बरी. मेडिकलमधल्या बधिर करणाऱ्या जेलचंही तेच, आराम तात्पुरता. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तर तिथं जखम होते. आणि मिसरी? दाढदुखीसाठी म्हणून सुरू केलेली मिसरी कितीजणींची जन्मभर सुटत नाही, हे गावाकडं सगळ्यांना माहीत आहे. ती तंबाखूच.

वेदनाशामक गोळी झापडीखालचं काहीच साफ करत नाही, पण रात्र निभावून नेते. प्रौढांना जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम हे एकेकट्या गोळीपेक्षा चांगलं लागू पडतं. दोन्ही एकाच गोळीत असलेल्या स्ट्रिपा सर्रास मिळतात. त्यावरचं नाव वाचा, नाहीतर पॅरासिटामॉल नकळत दुप्पट पोटात जातं. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण किंवा पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन नको.

अँटिबायोटिक काउंटरवरून मागून घेणं हा आपल्याकडचा सर्वात लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वात वाईट पर्याय. ताप असेल, सूज गालाकडं पसरत असेल, तोंड उघडत नसेल तर त्याची गरज पडते, आणि तेही डॉक्टरांनी बघून द्यायचं. एरवी कोर्स संपतो, घाण जागेवरच राहते, महिन्याभरात दाढ पुन्हा ठणकते.

दाताच्या डॉक्टरकडं झापडीखालची जागा सलाइननं धुऊन मिळते. पहिल्यांदाच दुखत असेल तर बहुतेकदा एवढंच पुरे. वरची अक्कलदाढ सुजेवर आदळत असेल तर कधीकधी तीच काढतात. खालच्या दाढेच्या मानानं ते सोपं काम.

खरा पेच पुढं आहे. हिरडी कापायची की दाढ काढायची? याचं उत्तर एक्स-रेमध्ये असतं. दाढ सरळ उभी असेल आणि मागं तिला पुरेशी जागा असेल तर झापड कापून घेणं योग्य: इंजेक्शन, थोडा वेळ, काही दिवस मऊ खाणं. जागा नसेल तर झापड पुन्हा वाढते आणि पैसे वाया जातात. दाढ आडवी असेल तर काढण्याकडेच कल हवा. पण तेही किरकोळ काम नव्हे. काही दिवस गाल सुजलेला राहतो, खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर ठणका मूळ दुखण्याहून वाईट असतो (सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त), आणि खालच्या जबड्यातली नस जवळ असली तर ओठ बधिर होऊ शकतो. ओठाची जाणीव बहुधा परत येते, क्वचित येत नाही. सर्जनला हे आधीच विचारा.

उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००० साली घातलेला दंडक मला पटतो: त्रास नसलेली अक्कलदाढ काढू नये, पहिलं दुखणं फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरून काढू नये, दुसऱ्यांदा तसंच झालं तर काढण्याचा विचार करावा.

खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. खाजगीत त्याच दिवशी काम होतं. या महाविद्यालयांत केसपेपर, एक्स-रे आणि तारीख यांत खेपा होतात, पण अशा दाढा तिथं रोज निघतात.

मात्र तोंडात दोन बोटं उभी मावत नसतील, गिळताना त्रास होत असेल, जबड्याखाली सूज उतरली असेल किंवा तापासोबत श्वास जड वाटत असेल तर यातलं काहीच तोलत बसू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.