तीन मजले, एक सोलर आणि मोटारवाला व्हॉल्व्ह

भुसावळला आमचं तीन मजली घर, तीन भावांच्या तीन चुली, पण गच्चीवर पाणी तापवायचा सोलर एकच, ३०० लिटरचा. थंडीत व्हायचं काय की वरच्या मजल्यावरचे पहाटे पाचलाच बादल्यांवर बादल्या भरून घ्यायचे आणि तळमजल्यावर मोठी माय नळ सोडून बसली की नुसतं गार. रोजची कटकट. म्हणून म्हटलं प्रत्येक मजल्याच्या गरम लाइनला एक व्हॉल्व्ह टाकू आणि टायमरवर वेळा लावून देऊ.

आधी स्वस्त म्हणून सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारे व्हॉल्व्ह) आणले, पैसे वाया. तळमजल्याला झकास चालला पण वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धारही नाही. मग डबी वाचली तर कमीत कमी ०.५ बार प्रेशर पाहिजे, आणि आमची टाकी वरच्या नळापासून जेमतेम दोन मीटर उंच, म्हणजे ०.२ बार. दहा मीटरला एक बार, एवढा साधा हिशोब दुकानदाराने केला नाही अन् मीही नाही. वरून चालू असेपर्यंत कॉइल तापत राहते आणि बोअरच्या पाण्याचा क्षार त्याच्या बारीक भोकात बसतो तो वेगळाच.

भाचा इंग्लंडला आहे. तिकडे बॉयलरचं गरम पाणी पाइपातून फिरवून अख्खं घर तापवतात (आम्ही इथे मे महिन्यात घर गार कसं करायचं त्या विवंचनेत!) आणि खालच्या-वरच्या मजल्याला असाच वेगवेगळा मोटारवाला व्हॉल्व्ह असतो. म्हणे मामा, इथलाच पाठवतो. पण त्यात स्प्रिंग असते, करंट आहे तोवर उघडा, लाइट गेली की आपोआप बंद. तिकडे चालतं, लाइट गेली तर पाणी फिरवणारा पंपही बंदच. आमच्याकडे मोठी माय साबण लावून बसलेली असताना लाइट गेली तर? नको भो.

म्हणून तीन वायरचा मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा मोटारने फिरतो तो) घेतला, पाऊण इंची, पितळी, २३० व्होल्टचा, एक अडीच हजाराच्या आसपास पडला. एक वायर उघडायची, एक बंद करायची, एक न्यूट्रल. फिरायला दहाएक सेकंद लागतात तेवढाच करंट खातो आणि लाइट गेली तर जिथे आहे तिथेच थांबतो. घेताना आतलं भोक पाइपाएवढंच आहे ना ते बोट घालून बघा, काहींचं फार बारीक असतं, आणि मोटारचं डोकं वेगळं निघणारं बघा, म्हणजे मोटार जळाली तरी पाइप कापावा लागत नाही, हे मात्र भाच्याने कामाचं सांगितलं.

प्लंबरला एक गोष्ट बजावून सांगा, व्हॉल्व्ह सोलरच्या टाकीला हवा मिळते त्या उभ्या पाइपाच्या पुढे, घरात उतरणाऱ्या लाइनवरच. टाकी आणि त्या पाइपाच्या मध्ये बसवला आणि तो बंद राहिला तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाही. आमचा तिथेच बसवायला निघाला होता.

तक्रारी म्हणाल तर वायरिंगचा कागद चिनी भाषेत, आणि गच्चीवरचं मे महिन्यातलं ऊन त्या प्लास्टिकच्या डोक्याला झेपेल असं वाटेना म्हणून वर तेलाचा रिकामा डबा कापून घातलाय. पाचपैकी चार स्टार. पाचवा कापला कारण वरून हाताने फिरवायची कळ दिलीय आणि ती कुठे आहे ते वरच्या मजल्यावरच्या वहिनीला दुसऱ्याच दिवशी सापडलं.