पेशीचं मरण: अपोप्टोसिस आणि नेक्रोसिस

गर्भात आपली बोटं आधी पडद्याने जोडलेली असतात. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून ती सुटी होतात. हा अपोप्टोसिस. पेशी आक्रसते, कॅस्पेज नावाची विकरं तिला आतून मोडतात आणि आवरणात बांधलेले तुकडे भक्षक पेशी गिळतात. सहसा दाहही (सूज, लाली) होत नाही. सी. एलिगन्स या जेमतेम मिलिमीटरभर कृमीत १०९० कायिक (प्रजननाच्या सोडून इतर) पेशी तयार होतात, त्यातल्या नेमक्या १३१ अशा जातात. ही शिस्त मला थक्क करते!

नेक्रोसिस बहुधा अपघाती. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगून फुटते, आतलं सारं सांडतं, आसपास दाह होतो. सांडलेलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन, रक्तात येतं. झटका ओळखायला डॉक्टर तेच तपासतात.