ऑर्किड : प्राध्यापकाच्या संशोधनाची सोळा स्थानांची ओळख

विद्यापीठातील अध्यापकाला आपल्या संशोधनाचा हिशेब वर्षभरात किती ठिकाणी द्यावा लागतो, हे त्या व्यवस्थेबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पदोन्नतीसाठी कॅस योजनेची फाइल, नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडे (आयक्यूएसी) द्यायचे तक्ते, एनआयआरएफ या क्रमवारीसाठीची माहिती, विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, विभागाच्या संकेतस्थळावरचे पान आणि एखाद्या प्रकल्पाचा प्रस्ताव पाठवायचा असेल तर त्यासोबत जोडायचा परिचय; माहिती तीच, नमुना मात्र प्रत्येकाचा निराळा. ही माहिती एकदाच नीट नोंदवावी आणि सगळीकडे वापरावी, असे सांगणाऱ्या सेवा आता बऱ्याच आहेत. त्यांपैकी संशोधकाला कायमचा ओळख-क्रमांक देणारी ऑर्किड (ORCID) ही सेवा मी बराच काळ वापरत आले आहे. गुगल स्कॉलर आणि विद्वान या दोन सेवांच्या शेजारी ठेवून पाहता ती मला अधिक भरवशाची वाटते. मराठीत लिहिणाऱ्या अध्यापकाने मात्र तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

ऑर्किडची नोंदवही ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. ती चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावर काम करते. संशोधकाकडून ती एक पैसाही घेत नाही. खर्च मुख्यतः विद्यापीठे, प्रकाशक आणि संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था यांच्या सभासद-वर्गणीतून भागतो. नोंदणी करताच चार-चारच्या चार गटांत लिहिलेला १६ स्थानांचा क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर तोच राहतो. त्यातले शेवटचे स्थान पडताळणीसाठी राखलेले असून ते आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने ठरते. तेथे दहा हे उत्तर आले तर अंकाऐवजी रोमन एक्स हे अक्षर लिहितात. एका कार्यालयाच्या तक्त्यात ‘फक्त अंक भरावेत’ अशी अट घातलेली असल्यामुळे माझ्या एका सहकाऱ्याचा असा क्रमांक स्वीकारलाच जात नव्हता, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या सेवेची खरी गरज आपल्याकडच्या नावांमुळे अधिक जाणवते. इंग्रजी नियतकालिकांच्या पद्धतीने ‘पाटील एस. बी.’ असे नाव छापले गेले की ते संजय, सुनील, सुवर्णा की शुभांगी, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि संगणकाला तर त्याहून कळत नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी आपली तीन पदरी पद्धत असल्याने एकाच लेखकाचे नाव कधी तीन शब्दांत, कधी दोन आद्याक्षरांसह, तर कधी मधले नाव गाळून छापले जाते. त्यात रोमन लिपीतल्या स्पेलिंगची भर पडते. चौधरी किंवा दीक्षित या आडनावांची किती रूपे प्रचारात आहेत, हे कोणत्याही ग्रंथालयाच्या तालिकेत शोधून पाहावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे नावसुद्धा कुठे व्ही वापरून, तर कुठे डब्ल्यू वापरून लिहिलेले आढळते. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्रियांचे काम तर सरळ दोन माणसांत वाटले जाते. माझे सुरुवातीचे निबंध माहेरच्या आडनावाने प्रसिद्ध झालेले आहेत आणि ते माझेच आहेत हे सांगण्यासाठी पूर्वी राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडावी लागे. ऑर्किडवर आपल्या नावाची इतर रूपे, देवनागरीतील रूपासह, एकाच नोंदीत लिहिता येतात. आणि निबंध क्रमांकाला जोडलेला असल्याने त्यावर कोणते नाव छापले आहे, याला पुढे फारसे महत्त्व उरत नाही.

वापराच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे स्वयंचलित नोंद. निबंध नियतकालिकाकडे पाठवताना आपला ऑर्किड क्रमांक दिला आणि तो प्रकाशकाने पुढे कळवला, तर निबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा ओळख-क्रमांक) नोंदवला गेल्यावर तो नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडून आपल्या नोंदीत भर घालण्याची परवानगी मागणारा संदेश येतो; एकदा ती दिली की पुढचे निबंध आपोआप येऊन बसतात. शीर्षक, नियतकालिकाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष हे सारे प्रकाशकाने दिलेल्या माहितीवरून भरले जाते, त्यामुळे टंकनाच्या चुका जवळपास होत नाहीत. जुने निबंध गोळा करण्यासाठी स्कोपस ही निबंधसूची, क्रॉसरेफ अशा स्रोतांतून शोधून जोडण्याची सोय आहे. पहिल्या वेळी या कामाला एक निवांत दुपार द्यावी लागते.

प्रत्येक नोंदीखाली ती कोणाकडून आली हे स्पष्ट लिहिलेले असते, आणि माझ्या मते ऑर्किडचे खरे मोल याच एका ओळीत आहे. लेखकाने स्वतः भरलेली नोंद वेगळी दिसते, प्रकाशकाकडून किंवा विद्यापीठाकडून आलेली वेगळी दिसते. इतरांचे निबंध छापण्यापूर्वी समीक्षक म्हणून तपासण्याच्या कामाची नोंद तर स्वतः भरताच येत नाही. ती नियतकालिकाकडून किंवा अन्य सभासद संस्थेकडूनच यावी लागते. मात्र नोंदणी करणारा माणूस खरोखर अस्तित्वात आहे की नाही, याची खातरजमा ऑर्किड करत नाही. नमुना म्हणून दाखवला जाणारा ००००-०००२-१८२५-००९७ हा क्रमांक अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या जोशिया कारबेरी या प्राध्यापकांचा आहे. हे गृहस्थ फुटक्या मडक्यांच्या शास्त्राचे तज्ज्ञ असून १९२९ पासून त्या विद्यापीठाने चेष्टेने जिवंत ठेवलेले काल्पनिक पात्र आहेत. म्हणून निवड समितीने ऑर्किडचे पान पाहताना निबंधांची संख्या मोजण्याआधी स्रोताची ओळ वाचावी.

अध्यापकांची नेमणूक व पदोन्नती यांसंबंधीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत एका निबंधासाठी विज्ञान शाखांत ८ आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे इत्यादींत १० गुण ठरवलेले आहेत. निबंध कोणत्या नियतकालिकातला ग्राह्य धरावा, यासाठी २०१९ पासून वापरात असलेली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाच्या मदतीने तयार होणारी केअर यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेने बंद केली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आलेली आहे. ऑर्किडवर नोंद आहे म्हणून नियतकालिक चांगले ठरत नाही, कारण पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांनाही डीओआय मिळतो. तरीही निबंधापर्यंत पोचण्याचा जिवंत दुवा समितीच्या हाती येतो, आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यापेक्षा ते बरे.

गुगल स्कॉलर अधिक लोकप्रिय आहे आणि त्याचे कारण उघड आहे : तेथे फारसे काही करावे लागत नाही. ही शोधसेवा २००४ मध्ये आली आणि लेखकांची प्रोफाइल २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती पुस्तके, परिषदांतील निबंध, संकेतस्थळांवरच्या पीडीएफ असे सारे उचलते, साइटेशन (इतरांच्या निबंधांतले आपल्या कामाचे उल्लेख) मोजते आणि त्यांवरून एच-इंडेक्स हा आकडा काढून देते. आपल्या कामाचा उल्लेख कोणी केला हे पाहण्यासाठी मी आजही तिथेच जाते. पण ज्या सैलपणामुळे तिची व्याप्ती मोठी झाली, त्याच सैलपणामुळे तिचे आकडे प्रमाण मानता येत नाहीत. २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आइक अँटकेअर हा बनावट लेखक उभा केला, संगणकाने रचलेले सुमारे शंभर निरर्थक निबंध त्याच्या नावावर लावले, त्यांच्यात एकमेकांचे संदर्भ पेरले आणि त्याचा एच-इंडेक्स ९४ वर नेऊन दाखवला. २०२४ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग लॅरी नावाच्या मांजराच्या बाबतीत यशस्वी झाला. शिवाय स्वयंचलित भर घालण्याचा पर्याय चालू ठेवला, तर नामसाधर्म्य असलेल्यांचे निबंध आपल्या पानावर येऊन बसतात आणि काही जण ते काढत नाहीत, ही गोष्ट वेगळी. ऑर्किडवर साइटेशनही नाहीत आणि एच-इंडेक्सही नाही. अनेकांना ही उणीव वाटते. मला ते शहाणपण वाटते.

विद्वान हे पोर्टल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे आहे. या केंद्राची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या अंतर्गत एक प्रकल्प म्हणून झाली होती आणि १९९६ मध्ये ते स्वतंत्र झाले. विद्वानमध्ये देशभरातील अध्यापक व शास्त्रज्ञ विषयवार शोधता येतात, त्यामुळे बहिःस्थ परीक्षक किंवा समीक्षक हवा असेल तेव्हा ते हाताशी असावे. आयरिन्स या जोडसेवेतून संपूर्ण संस्थेचे संशोधन एका ठिकाणी दिसते आणि ऑर्किडवरची माहिती तिकडे आणता येते. ज्या संस्थेत ग्रंथपाल या कामात मनापासून लक्ष घालतात तेथील पाने उत्तम असतात. जेथे कोणी वाली नाही तेथे ती मूल्यांकनाच्या वर्षी भरून पुढे तशीच राहतात.

आता मराठीविषयी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांसारख्या नियतकालिकांच्या परंपरेत ज्यांचे आयुष्याचे काम झाले आहे, त्यांच्या लेखनाला डीओआय नसतो आणि म्हणून स्वयंचलित नोंदीचा त्यांना काहीच लाभ होत नाही. प्रत्येक लेख हाताने भरावा लागतो. शीर्षक देवनागरीत लिहिता येते, अक्षरे मोडत नाहीत; त्याखाली अनुवादित शीर्षक आणि त्याची भाषा यांसाठी वेगळे रकाने आहेत. नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक देताना हा क्रमांक लेखाचा नसून लेख ज्यात छापला त्या नियतकालिकाचा आहे, म्हणजे ‘चा भाग’ हा पर्याय निवडायचा असतो. तो न निवडल्यास एकाच नियतकालिकातले आपले दोन लेख एकच समजून एकत्र केले जाण्याची शक्यता असते. इतके करूनही नोंदीखाली स्रोत म्हणून आपलेच नाव येते. म्हणजे उत्तम संपादन झालेला मराठी लेख केवळ हाताने भरल्यामुळे इंग्रजीतल्या सामान्य निबंधापेक्षा कमी विश्वासार्ह दिसतो. याचा दोष एकट्या ऑर्किडचा नाही. क्रॉसरेफचे सभासदत्व घ्यायचे तर वार्षिक वर्गणी आणि प्रत्येक डीओआयमागे शुल्क भरावे लागते, आणि वर्गणीदारांच्या जोरावर चालणाऱ्या नियतकालिकाला ते जड जाते. तरीही इतक्या भाषांत उपलब्ध असलेल्या या संकेतस्थळावर मराठी नाही आणि हिंदीही नाही, याबद्दल तक्रार करायला जागा आहे.

नोंदणी करताना संस्थेच्या ईमेलबरोबर स्वतःचा खासगी ईमेलही जोडावा. संस्था बदलली की जुना ईमेल बंद होतो आणि पासवर्ड विसरलेला असेल तर लोक सरळ दुसरी नोंद उघडतात. अशा दोन नोंदी एकत्र करता येतात, पण मुळात तशी वेळ येऊ देऊ नये. कार्यालयातील सहायकाकडून सर्वांच्या नोंदी एका दमात उघडून घेण्याची पद्धत काही महाविद्यालयांत दिसते, ती तर सर्वथा टाळावी, कारण कोणती माहिती सर्वांना, कोणती विश्वासातल्या संस्थांना आणि कोणती फक्त स्वतःला दिसावी, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

नुकत्याच पीएच.डी.ला नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याने पहिला निबंध पाठवण्यापूर्वी हा क्रमांक घ्यावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि सारे लेखन मराठीत केलेल्या ज्येष्ठ अध्यापकांना मात्र मी तसा आग्रह करणार नाही. त्यांनी ग्रंथपालाच्या मदतीने आपल्या लेखनाची पूर्ण सूची तयार करावी आणि लेखांच्या स्कॅन केलेल्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात; ऑर्किडवर त्यातले निवडक काही भरले तरी पुरे.