अर्धांगवायूच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी पुण्यात झालेले एक दिवसाचे प्रशिक्षण: अनुभव आणि मत

मेंदूच्या आजारानंतरच्या पुनर्वसनाचे काम करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांच्या एका व्यावसायिक संघटनेने गेल्या महिन्यात टिळक रस्त्याजवळच्या एका सभागृहात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले होते. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, स्ट्रोक येऊन पाच महिने झाले असून त्यांची डावी बाजू गेलेली आहे. नऱ्ह्याहून सकाळी नऊला तिथे पोहोचायचे तर घरची सगळी व्यवस्था लावून निघावे लागते, त्यामुळे दिवस सत्कारणी लागेल की नाही अशी धाकधूक मनात होती. तो लागला.

पहिल्याच व्याख्यानात डॉक्टरबाईंनी जे सांगितले, ते मला सर्वांत मोलाचे वाटले. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला ‘अटेंड’ हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना पुनर्वसनाचे शिक्षण दिले होते, आणि सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा मृत्यू किंवा परावलंबित्व या बाबतीत त्यांच्यात आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत काहीही फरक आढळला नाही. नातेवाइकांना शिकवायला बोलावलेल्या लोकांनी हे स्वतःहून सांगावे, याचे मला फार अप्रूप वाटले. आज शिकाल ते थेरपिस्टला पर्याय म्हणून नव्हे, तर रुग्णाला इजा होऊ नये आणि तुमची पाठ धरू नये म्हणून शिका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

असाच खरेपणा हाताच्या व्यायामाच्या सत्रातही दिसला. चांगला हात बांधून ठेवून लुळा हात वापरायला लावण्याची पद्धत बऱ्याच जणांच्या कानावर आलेली असते. आमच्याकडेही एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर अण्णांचा उजवा हात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवण्याचा प्रयोग झाला होता, आणि त्या चार दिवसांत ते अक्षरशः रडकुंडीला आले होते. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी सांगितले की, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अमेरिकी अभ्यासात २२२ रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली, त्यात मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येणारेच रुग्ण घेतले होते. अण्णांची बोटे उघडत नाहीत. म्हणजे ते चार दिवस आम्ही त्यांना उगाचच छळले, आणि हे आम्हाला आधी कोणीतरी सांगायला हवे होते.

दुपारचे प्रात्यक्षिक मात्र पूर्ण दिवसभर चालले असते तरी चालले असते. एका ज्येष्ठ फिजिओथेरपिस्टनी स्वतःच्या खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवून दाखवले: तिथे एक बोट मावेल एवढी खाच लागली, तर सांधा खाली ओघळला आहे असे समजावे आणि त्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नये. ब्युरोकडून (घरी रुग्णाची सेवा करणारी माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडून) आलेले मदतनीस मामा अण्णांना रोज सकाळी डाव्या काखेत हात घालूनच उचलतात, आणि दोन महिन्यांपासून त्यांचा खांदा का दुखतो आहे, हे मला त्या क्षणी उमगले. मग खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला ठेवणे, टाचा मागे घेऊन पावले जमिनीवर सपाट टेकवणे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकवणे आणि कमरेच्या पट्ट्याला धरून आधार देणे, हे सगळे त्यांनी आम्हा प्रत्येकाकडून दोन-दोनदा करून घेतले. माझ्या वाट्याला रुग्ण म्हणून एक आजी आल्या होत्या. दुसऱ्या प्रयत्नात त्या इतक्या सहज उभ्या राहिल्या, की माझा माझ्या हातांवर विश्वास बसेना.

गिळण्याविषयीचे सत्र घाईत उरकले, हे चुकले. पाणी पिताना ठसका लागणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांचे सर्वाधिक प्रश्न तिथेच होते.

खरी तक्रार छापील पुस्तिकेबद्दल आहे. व्यासपीठावर जी गोष्ट ‘कुशीवर झोपवताना लुळा हात उशीवर पुढे घ्या’ अशा साध्या शब्दांत सांगितली गेली, तीच पुस्तिकेत ‘बाधित अंगाचे स्थितीनियोजन’ झाली आहे. शेजारच्या काकूंनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवायला लावले आणि पुस्तिका मिटून पिशवीत टाकली. ज्यांनी दिवसभर इतके सुरेख मराठी बोलून शिकवले, त्यांनीच ती पुन्हा लिहावी अशी माझी विनंती आहे.

आणखी एक. निमंत्रण केवळ नातेवाइकांना होते. पुण्यात असंख्य घरांत रुग्णाला प्रत्यक्ष उचलणारी व्यक्ती ब्युरोची मावशी किंवा मामा असते, आणि त्यांना हे कोणी शिकवत नाही. मी घरी येऊन मामांना सगळे करून दाखवले. त्यांनी मन लावून पाहिले, पण दुसऱ्या दिवशी घाईत हात पुन्हा काखेतच गेला. निघताना आयोजकांच्या वहीत मी हा मुद्दा लिहून आले आहे. पुढच्या वेळी परवानगी मिळाली, तर त्या दिवसाचा पगार देऊन मी मामांनाच पाठवणार आहे आणि अण्णांपाशी मी थांबणार आहे.