कूलर नव्हे, तोरण

गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवायला वेगळ्या बसवून घेतलेल्या गेजचा काटा ९२ अंशांवर शांत बसला होता आणि डॅशबोर्डवर मात्र गिअरबॉक्स तापल्याचा इशारा पेटला होता. तळेगावजवळचा नाणोलीचा ट्रॅक, मे महिन्यातली दुपार, दिवसाचं चौथं सेशन. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवावा? मी काट्यावर ठेवला. गाडीचा सेन्सर उन्हानं बावचळला असेल असं मनाला सांगून आणखी अर्धी फेरी मारली. मग गाडीनंच दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ लागेना. कसाबसा पिटमध्ये आलो, आणि उतरलो तेव्हा बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास येत होता.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१७ मध्ये भारतात आलेली २३० पीएसवाली. माझ्याकडे सेकंडहँड आली, वर मी स्टेज १ रीमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली. एरवी ती मुलुंड ते पवई एवढाच प्रवास करते, वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅकवर जाते. घरच्यांच्या मते हे खूळ आहे, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

तिचा गिअरबॉक्स डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा. सहा गिअरचा, ओल्या क्लचचा. म्हणजे दोन्ही क्लचच्या चकत्या तेलात फिरतात आणि त्या घासल्यावर होणारी उष्णता तेच तेल वाहून नेतं. गिअरबॉक्सवर एक छोटा हीट एक्स्चेंजर असतो, तिथं तेल आपली उष्णता इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटला देतं. रस्त्यावर एवढं पुरतं. ट्रॅकवर कूलंट स्वतःच तापलेलं असतं, ते दुसऱ्याची उष्णता कुठे घेणार? तेल १३८ अंशांच्या वर गेलं की गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाचा टॉर्क कमी करायला लावतो, १४५ च्या वर गेलं की क्लच उघडूनच टाकतो. यावर उपाय म्हणजे बंपरमागे, वाऱ्याच्या तोंडावर वेगळा ऑइल कूलर बसवायचा आणि गिअरबॉक्सचं तेल अ‍ॅडॉप्टर लावून होजमधून, म्हणजे लवचीक नळ्यांतून, तिथवर फिरवून आणायचं.

तेच करायला मी, नाणोलीच्या त्या दुपारच्या आधी, पश्चिम उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मालक माझ्याच वयाचा, गोडबोल्या. ‘दादा, या धंद्यात आपली मराठी माणसं किती आहेत सांगा!’ म्हणाला, आणि मी तिथेच विरघळलो. दोन कोटेशनं आधीच हातात होती, दोन्ही याच्यापेक्षा स्वस्त, तरी याच्याकडे गाडी ठेवली. चहा मात्र उत्तम होता.

बिल असं: कूलर किट ४२,०००, तापमानाचं गेज आणि सेन्सर १२,५००, गिअरबॉक्सचं तेल ५ लिटर आणि फिल्टर मिळून १४,०००, मजुरी १८,०००. एकूण ८६,५०० रुपये. निम्मे ऑनलाइन, निम्मे रोख, आणि कच्च्या कागदावर हे आकडे. व्हॉट्सॲपवर त्यानं चार फोटो पाठवले. बंपर काढलेला, पुढे चकचकीत कूलर, त्यातून निघून खाली जाणारे दोन विणीचे होज. ते होज खाली कुठे जातात, याचा फोटो नव्हता. मी मागितलाही नाही.

गेज मी फार कौतुकानं बघायचो. सकाळी गाडी सुरू केली की दहा मिनिटांत काटा ९० वर, आणि मग दिवसभर ९० ते ९२. जंक्शनवर रांगत असताना ९१, हायवेवर ९०. मित्रांना दाखवून सांगायचो, बघा, कूलर कसा काम करतोय. खरं तर तिथेच खटकायला हवं होतं. गिअरबॉक्सचं तेल असं एका जागी बसत नाही. ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट घासत गाडी रांगते तेव्हा ते चढतं, मोकळ्या रस्त्यावर उतरतं. दिवसभर नव्वदीत बसणारं असतं ते इंजिनाचं कूलंट, कारण त्याला थर्मोस्टॅट धरून ठेवतो.

नाणोलीहून गाडी फ्लॅटबेडवर आणली. मालकाला फोन केला तर पहिलंच वाक्य, ‘दादा, कूल-डाउन लॅप घेतली नसेल तुम्ही.’ घेतली होती. प्रत्येक सेशनची शेवटची फेरी वरच्या गिअरमध्ये, ब्रेक न वापरता, आणि पिटमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद न करता. दुसरं वाक्य, ‘ट्रॅकवर नेलेल्या गाडीची गॅरंटी कुणीच देत नाही.’ कूलर ट्रॅकसाठीच घेतला होता, हे त्याला आठवत नव्हतं.

ऑफिसमधल्या एका मित्राकडे फोक्सवॅगन गटाच्या (स्कोडा त्यातच येते) गाड्यांतल्या सेन्सरचे आकडे लॅपटॉपवर दाखवणारी केबल आहे. गाडी थंड झाल्यावर साध्या रस्त्यावर नीट चालत होती, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन तो शेजारी बसला आणि आम्ही पूर्व द्रुतगती मार्गानं मुलुंड टोलनाक्यावरून छेडानगरकडे निघालो. काटा ९० वर पोचला तेव्हा गिअरबॉक्सचा स्वतःचा सेन्सर सांगत होता ६४. घाटकोपरच्या गर्दीत अर्धा तास रांगलो, सेन्सर १०१ वर गेला. काटा? ९१. मित्र म्हणाला, ‘अरे, हा गिअरबॉक्सचं बघतच नाहीये.’

दुसऱ्या दिवशी भांडुपच्या मिस्त्री काकांकडे गेलो. काकांनी बंपर उतरवला, इंजिनाखालचं झाकण म्हणजे अंडरट्रे काढला, बॅटरी मारली आणि काही न बोलता मला खाली वाकायला सांगितलं. दोन्ही होज अंडरट्रेच्या वर येऊन संपत होते. तोंडाला रबरी बूच, वर केबल टाय. कूलर उलटा केला तर तेलाचा एक थेंब आला नाही, आत धूळ. गेजचा सेन्सर कूलंटच्या पाइपला चिकटपट्टीनं बांधलेला.

‘हा कूलर नाय रे बाळा,’ काका म्हणाले, ‘तोरण हाय.’

फिल्टरच्या प्लॅस्टिक झाकणाला वर्षांची धूळ चिकटलेली, त्याला पाना लागल्याची खूण नाही. आतून निघालेलं तेल काळं आणि जळकं. तेल खरंच बदललं होतं का, हे मला सिद्ध करता येणार नाही, पण फिल्टर नक्की बदलला नव्हता. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट काकांनी ते कच्चं बिल पाहून दाखवली. या गिअरबॉक्सच्या नुसत्या सर्व्हिसलाच पाच-साडेपाच लिटर तेल लागतं. कूलर आणि दोन लांब होज खरोखर जोडले असते तर ते भरायला त्याहून जास्त तेल लागलंच असतं. म्हणजे चोरी बिलातच लिहिलेली होती, मी फक्त बेरीज तपासली.

क्लच वाचले, हे नशीब. आता काकांनी खरा कूलर बसवला तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसून होतो. गिअरबॉक्सवर बसलेल्या अ‍ॅडॉप्टरचा फोटो अंडरट्रे लावायच्या आधी काढला. जुना फिल्टर पिशवीत घालून घरी आणला. तेलाची पातळी लॅपटॉप जोडून, तेल ३५ ते ४५ अंशांत असताना तपासली, कारण ती तशीच तपासायची असते. अंदाजानं बाटल्या ओतणारा माणूस दिसला तर गाडी काढून घ्या. आणि पैसे द्यायच्या आधी गेज आणि गाडीचा सेन्सर शेजारी शेजारी ठेवून ट्रॅफिकमधून एक चक्कर मारली. दोघे दोन-तीन अंशांच्या फरकानं सोबत चढले, सोबत उतरले. माझ्याकडून एवढं पहिल्याच वेळी झालं असतं तर कूलरचा खर्च दोनदा झाला नसता.

पहिल्या गॅरेजवाल्यानं शेवटी तडजोड सुचवली: कूलर परत द्या, वीस हजार घ्या. नाही म्हटलं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून काही हललं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. रोख दिलेल्या निम्म्या रकमेचा पुरावा म्हणजे तो कच्चा कागद आणि ‘दादा, बाकीचे मिळाले’ हा त्याचा एक मेसेज. तो मी पुसला नव्हता, हे माझं या प्रकरणातलं एकमेव शहाणपण.

पहिला कूलर बुचांसकट आमच्या माळ्यावर आहे. आईनं तो भंगारवाल्याला द्यायला दोनदा खाली काढला. आता त्यावर स्केचपेननं ‘पुरावा, हात लावू नये’ असं लिहून ठेवलंय.