कमी वयातील मोतीबिंदू आणि यूबीएम तपासणी : एका नेत्रचिकित्सालयाविषयी अभिप्राय

माझ्या धाकट्या भावाला ऐन तिशीत एकाच डोळ्यात मोतीबिंदू असल्याचे निदान झाले, तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे म्हणून आम्ही या चिकित्सालयात गेलो.

मधुमेह, डोळ्याला लागलेला मार, स्टेरॉइडची औषधे, डोळ्याच्या आतली जुनी सूज ही या वयातील नेहमीची कारणे येथील डॉक्टरांनी आधी एकेक करून विचारली. त्यांतले एकही लागू पडत नव्हते. मग थेंबांनी बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) पाहिल्यावर गढूळपणा संपूर्ण भिंगात नसून खालच्या कडेच्या एका पाचरीपुरताच असल्याचे, आणि नेमक्या त्याच बाजूला डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दोन रक्तवाहिन्या फुगल्याचे त्यांच्या लक्षात आले. ही लाली आधीच्या ठिकाणी ॲलर्जी म्हणून सोडून दिली होती! बुबुळामागच्या सिलिअरी बॉडीत (भिंगाला धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या कड्यात) गाठ असल्यास ती भिंगाला टेकून तेवढाच भाग गढूळ करू शकते आणि बुबुळाच्या आड असल्याने बरीच वाढेपर्यंत लपून राहते, हे त्यांनी आकृती काढून समजावले. अशा गाठी अत्यंत दुर्मीळ असतात, हेही न विसरता सांगितले.

तशी गाठ आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी यूबीएम (अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी) केली. ही डोळ्याच्या पुढच्या भागाची सूक्ष्म सोनोग्राफी. बधिर करणारे थेंब घालून पापण्यांमध्ये लहानशी वाटी बसवतात आणि तिच्यातील द्रवातून प्रोब फिरवतात. सुमारे ५० मेगाहर्ट्झच्या या लहरी ४-५ मिलिमीटरच आत जातात, पण नेमक्या त्याच पट्ट्यात डोळ्याची नेहमीची सोनोग्राफी (बी-स्कॅन) तोकडी पडते. पाण्याची गाठ असती तर पडद्यावर आतून काळी दिसली असती. भावाच्या डोळ्यात दिसलेली गाठ मात्र भरीव निघाली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लगेच थांबवून भावाला नेत्रकर्करोगतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले, कारण गाठीचे स्वरूप न कळता डोळा उघडल्यास तिच्या पेशी पसरण्याचा धोका असतो. शिवाय किरणोपचार करावे लागल्यास त्यांनीही मोतीबिंदू वाढू शकतो, त्यामुळे भिंगाचा विचार नंतरच करणे योग्य, हा सल्ला मला विशेष पटला.

तपासणीला पूर्ण गुण, व्यवस्थेला मात्र नाही. बाहुली मोठी केलेल्या रुग्णांना प्रखर दिव्यांखाली ताटकळत बसवतात. यूबीएमच्या मूळ प्रतिमा मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि गाठ वाढली की नाही हे पुढे त्यांच्याशीच ताडून पाहायचे असल्याने त्या निघतानाच मागून घ्याव्यात.